नव्या वसाहतीतलं घर आणि मेलो-रूस: सही करण्याआधी हा कर कसा वाचायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे: "आम्ही नवराबायको दोघं नोकरी करतो, मुलगी सहा वर्षांची आहे. कॅलिफोर्नियात बे एरियात एका नव्या वसाहतीत थेट बिल्डरकडून टाउनहाउस घेतोय, किंमत साधारण 12 लाख डॉलर. सेल्स ऑफिसमध्ये प्रॉपर्टी टॅक्स 'सव्वा टक्क्याच्या आत' असं सांगितलं होतं. लोनच्या कागदांवर मात्र तो 1.6 टक्के धरलाय आणि खाली 'मेलो-रूस' असं लिहिलंय. हा एचओएचाच प्रकार आहे का? कधी संपतो? कमी करून घेता येतो का? की सरळ जुनं घर बघावं?"

आधी सरळ उत्तर देते. हा एचओए नाही. एचओए म्हणजे आपल्याकडच्या सोसायटीचा मेंटेनन्स, खासगी कारभार. मेलो-रूस हा सरकारी कर आहे, काउंटीच्या टॅक्स बिलातच येतो, आणि नव्या वसाहतीत बहुतेक वेळा दोन्ही भरावे लागतात. तुमच्या वसाहतीचे रस्ते, ड्रेनेज, पाण्याच्या मुख्य लाइनी, बाग, कधी शाळा, हे सगळं बाँड काढून म्हणजे कर्ज घेऊन बांधलंय. ते कर्ज तिथल्या जमिनीवर बसवलंय आणि फेडणार तिथे राहणारे. सेल्स ऑफिसने सांगितलेला आकडा खोटा नाही, पण तो नेहमीच्या घरपट्टीचाच आहे. उरलेला भाग त्यांनी सांगितला नाही. तो भाग घराच्या किमतीत मिळवा आणि मग ठरवा घर परवडतं का. मेलो-रूस दिसला म्हणून पळायचं कारण नाही, पण त्याची किंमत न काढता सही करणं चूक आहे.

मी गेली अठरा वर्षं ईस्ट बेमध्ये होम लोन आणि एस्क्रोच्या, म्हणजे घरखरेदीचे पैसे आणि कागद तिऱ्हाइताकडून पार पाडण्याच्या कामात आहे. त्याआधी आम्ही आमचं पहिलं घर असंच नव्या वसाहतीत घेतलं होतं. ऑक्टोबरमध्ये काउंटीचं बिल आलं, ते जेवणाच्या टेबलावर उघडलं, आणि नेहमीच्या कराखाली आणखी सात ओळी दिसल्या. त्यातली एकच ओळ वर्षाला साडेतीन हजारांच्या वर होती. क्लोजिंगच्या, म्हणजे व्यवहार पुरा होण्याच्या दिवशी सही केलेल्या गठ्ठ्यात तिचा कागद होता, आम्ही तो वाचला नव्हता, आणि समोरच्या कोणी बोट ठेवून दाखवलाही नव्हता. त्या संध्याकाळी नवऱ्याने आणि मी पहिल्यांदा कॅल्क्युलेटर घेऊन तीस वर्षांचा हिशेब मांडला. आता माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला तो हिशेब मी आधी मांडून देते.

हे कुठून आलं ते कळलं की बाकीचं सोपं जातं. जून 1978 मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी प्रपोझिशन 13 मंजूर केलं. हॉवर्ड जार्व्हिस आणि पॉल गॅन हे त्यामागचे पुढारी. त्यामुळे घरपट्टीचा मूळ दर 1 टक्क्यावर बांधला गेला, आणि घर विकलं जाईपर्यंत करासाठी धरायची किंमत वर्षाला 2 टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही. जुन्या घरमालकांना दिलासा मिळाला. पण शहरांच्या आणि शाळांच्या हातातला पैसा आटला आणि नव्या वस्तीला रस्ते, गटारं, शाळा द्यायच्या कशातून हा प्रश्न उभा राहिला. त्यावर 1982 मध्ये कायदा आला. सिनेटर हेन्री मेलो आणि असेंब्लीचे सदस्य माइक रूस यांच्या नावावरून त्याला मेलो-रूस म्हणतात. कायद्यातलं नाव कम्युनिटी फॅसिलिटीज डिस्ट्रिक्ट, म्हणजे सीएफडी. शहर, काउंटी किंवा स्कूल डिस्ट्रिक्ट एखाद्या भागाभोवती रेघ मारतं, त्या रेघेच्या आतल्या जमिनीवर खास कर लावतं आणि त्या कराच्या भरवशावर बाँड विकतं. आयर्वाइनच्या ग्रेट पार्कभोवतालची वस्ती, लेथ्रॉपमधलं रिव्हर आयलंड्स, अशा कितीतरी नव्या वस्त्या याच पद्धतीने उभ्या राहिल्या.

असा कर लावायला दोन तृतीयांश मतं लागतात. मग लोक विचारतात, आम्ही कधी मत दिलं? तुम्ही दिलंच नाही. हद्दीत बारापेक्षा कमी नोंदणीकृत मतदार राहत असतील तर मत जमीनमालकाचं असतं, एकराला एक. मोकळ्या माळावर राहणारं कोणी नसतं. जमीन एकट्या बिल्डरची, म्हणून मतंही त्याचीच. आपण तीस-चाळीस वर्षं भरणार तो कर आपल्या आधी एका कंपनीने एका दुपारी मंजूर केलेला असतो. हे पूर्णपणे कायदेशीर आहे आणि तरी मला ते आजही खटकतं. म्हणूनच घेणाऱ्याने कागद वाचण्याला पर्याय नाही.

आता बिल प्रत्यक्ष कसं दिसतं ते बघू. अलामेडा काउंटीचं बिल घ्या. वर जमिनीची आणि बांधकामाची किंमत असते. एका बाजूला दरांची यादी: 1 टक्का मूळ कर, त्याखाली मतदारांनी मंजूर केलेल्या शाळा, कॉलेज, बार्ट (इथली लोकल ट्रेन) वगैरेंच्या बाँडांचे छोटे छोटे अपूर्णांक. हे सगळं घराच्या किमतीवर लागतं, गावोगावी साधारण 1.1 ते 1.25 टक्क्यांपर्यंत जातं. सेल्स ऑफिसने सांगितला तो हाच भाग. दुसऱ्या बाजूला 'फिक्स्ड चार्जेस अँड/ऑर स्पेशल असेसमेंट्स' अशी वेगळी यादी असते. तिथे टक्के नसतात, सरळ डॉलर असतात, आणि प्रत्येक ओळीसमोर एक फोन नंबर असतो. डास निर्मूलनाचे दोन-चार डॉलर, ड्रेनेजचे काही, शाळेचा पार्सल टॅक्स म्हणजे प्रत्येक प्लॉटवरचा ठरावीक कर, आणि मधेच 'सीएफडी' अशी अक्षरं असलेली मोठी रक्कम. ज्या ओळीचा अर्थ लागत नाही तिच्या समोरच्या नंबरवर फोन करा. काउंटीच्या टॅक्स ऑफिसला विचारून उपयोग नाही, ते फक्त वसुली करतात. तो नंबर सहसा सीएफडीचं काम बघणाऱ्या सल्लागार कंपनीचा असतो, आणि बिलावरचा तुमच्या प्लॉटचा पार्सल नंबर दिला की तिथली माणसं नीट माहिती देतात.

ही रक्कम घराच्या किमतीवर नसते, हा फार मोठा फरक आहे. ती घराच्या चौरस फुटांवर, प्लॉटच्या आकारावर किंवा घराच्या प्रकारावर ठरते. त्यामुळे बाजार पडला आणि तुम्ही असेसरकडे (करासाठी घराची किंमत ठरवणारा काउंटीचा अधिकारी) अपील करून किंमत कमी करून घेतली, तर मूळ 1 टक्क्याचा कर उतरेल, पण मेलो-रूसचा एक डॉलरही उतरणार नाही. स्वतः राहणाऱ्या मालकाला किमतीत 7,000 डॉलरची सूट मिळते, म्हणजे करात साधारण 70 डॉलर. तीही याला लागू नाही.

ही रक्कम ठरवणारा एक कागद असतो. त्याचं नाव 'रेट अँड मेथड ऑफ अपॉर्शनमेंट'. सगळी कामं सोडून आधी हा मागवा. पंधरा-वीस पानांचा असतो, भाषा रुक्ष असते, पण त्यात तुमच्या घराच्या आकाराची ओळ सापडते. वाचताना पहिल्यांदा बघायचं की कर 'फॅसिलिटीज'साठी आहे की 'सर्व्हिसेस'साठी. फॅसिलिटीज म्हणजे बांधकाम: रस्ता, पूल, शाळेची इमारत. राहत्या घरांच्या बाबतीत या कराची कमाल रक्कम डॉलरमध्ये लिहून द्यावी लागते, ती वर्षाला 2 टक्क्यांहून जास्त वाढू शकत नाही, आणि कोणत्या वर्षानंतर हा कर लावता येणार नाही तेही लिहावं लागतं. सर्व्हिसेस म्हणजे चालू खर्च: पोलीस, अग्निशमन, बागेची निगा, रस्त्यावरचे दिवे. त्याला शेवट असेलच असं नाही. बरेचसे कायमचे असतात आणि महागाईच्या निर्देशांकानुसार वाढतात. एकाच घरावर दोन्ही असू शकतात, कधी शहराचा एक आणि स्कूल डिस्ट्रिक्टचा दुसरा. "कधी संपतो?" याचं एकच उत्तर मिळत नाही ते यामुळे. प्रत्येक ओळीबद्दल वेगळं विचारायचं.

दुसरी बघायची गोष्ट म्हणजे 'मॅक्झिमम' आणि 'ॲक्च्युअल' यातला फरक. सेल्स ऑफिस सांगतं ते बहुधा यंदाचं. काही डिस्ट्रिक्ट कमाल रकमेपेक्षा कमी वसूल करतात, काही पहिल्या दिवसापासून पूर्ण. हिशेब नेहमी कमाल रकमेवर करा. शेजाऱ्यांनी कर थकवला तर त्यांचा भार तुमच्यावर येईल का, ही भीतीही लोकांना असते. बांधकामाच्या करात थोडा येऊ शकतो, पण त्या कारणाने राहत्या घराचा कर 10 टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही, असं कायद्यातच आहे.

आता तुमचा हिशेब मांडते. तुमच्या कागदावरच्या टक्क्यांवरून गोल आकडे धरलेत, खरे नोटिशीत मिळतील. किंमत 12 लाख. किमतीवरचा कर 1.15 टक्के धरला तर 13,800 डॉलर. मेलो-रूस 5,400. एकूण 19,200, म्हणजे बरोबर 1.6 टक्के. महिन्याला 450 डॉलर ऐकायला फार वाटत नाहीत, दोन गाड्यांचा इन्शुरन्स म्हणा. पण दरवर्षी 2 टक्के वाढ धरली तर तिसाव्या वर्षी तेच 5,400 साधारण 9,600 होतात आणि तीस वर्षांत एकूण 2 लाख 19 हजार डॉलर जातात. या सगळ्या हप्त्यांची आजची किंमत, म्हणजे ते भरण्यासाठी आज किती रक्कम व्याजावर बाजूला ठेवावी लागेल, ती 6.5 टक्के व्याजाने काढली तर ती येते 87,000 डॉलर. म्हणजे तुम्ही 12 लाखांचं घर घेत नाही आहात, 12 लाख 87 हजारांचं घेताय. वरचे 87 हजार बिल्डरच्या किमतीत न दिसता टॅक्स बिलात दिसतात, इतकंच. शेजारच्या जुन्या भागातलं तसंच घर मेलो-रूसशिवाय 12 लाख 60 हजारांना मिळत असेल, तर स्वस्त ते आहे.

बिल्डरची माणसं म्हणतात, सीएफडी नसता तर घराची किंमतच जास्त असती. काही अंशी ते खरं आहे, कारण रस्ते आणि पाइपांचा खर्च त्यांना कुठून तरी काढायचाच होता. पण किंमत पूर्ण 87 हजारांनी उतरते असं मी क्वचितच पाहिलंय. मॉडेल होममध्ये, म्हणजे बिल्डरने सजवलेल्या नमुन्याच्या घरात शिरलेला माणूस किचनचं आयलंड बघतो, खिडकीतून येणारं ऊन बघतो आणि महिन्याचा हप्ता विचारतो. कर शेवटी कळतो. अनेक शहरांच्या धोरणात सगळे कर मिळून विक्रीच्या किमतीच्या 2 टक्क्यांवर जाऊ नयेत अशी मर्यादा असते, आणि आखणी त्या मर्यादेच्या जवळ जाईल अशी केलेली असते. तुमचं 1.6 त्या मानाने मधलं आहे.

कर्जावर याचा दुहेरी परिणाम होतो. बँक हे 450 डॉलर घराच्या खर्चात धरते. 6.5 टक्के व्याज आणि तीस वर्षांची मुदत घेतली तर 450 डॉलरच्या हप्त्यात साधारण 71,000 डॉलरचं कर्ज बसतं, तेवढी तुमची कर्जाची पात्रता कमी होते. दुसरं संकट वर्षभराने येतं. कराचे पैसे बँकच कापून ठेवणार असेल, म्हणजे इम्पाउंड अकाउंट असेल, तर नव्या घराला कॅलिफोर्नियात पुष्कळदा ठोकताळ्याने 1.25 टक्के धरतात. खरा कर 1.6 असेल तर वर्षाला 4,200 डॉलर कमी पडतात. मग एक पत्र येतं: इथून पुढे महिन्याला 350 जास्त भरा, आणि मागची तूट भरायला वर्षभर आणखी 350. अचानक 700 डॉलर! अशा पत्रांमुळे घराघरांत किती रात्री खराब झालेल्या मी बघितल्या आहेत. तुमच्या लोन ऑफिसरने 1.6 धरलंय, हे त्याचं चांगलं काम आहे. त्याच्यावर रागावू नका.

याच्याच जोडीला सप्लिमेंटल बिल येतं. तुम्ही घर घेतलं तेव्हा काउंटीच्या नोंदीत बहुधा जमीनच किंवा अर्धवट बांधकामच असतं, म्हणून पहिलं बिल लहान येतं आणि बरं वाटतं. काही महिन्यांनी पूर्ण किमतीनुसार फरकाचं बिल येतं, कधी दोन बिलं येतात. ती थेट तुमच्या पत्त्यावर येतात, बँकेकडे सहसा जात नाहीत. ते पैसे बाजूला ठेवा. मेलो-रूस या फरकाच्या बिलात नसतो, तो नेहमीच्या बिलातच असतो. त्या बिलाचा पहिला हप्ता 10 डिसेंबरपर्यंत, दुसरा 10 एप्रिलपर्यंत. चुकला की 10 टक्के दंड.

थकवण्याबद्दल एक गंभीर गोष्ट. साधा प्रॉपर्टी टॅक्स थकला तर राहतं घर विकायला काढण्याआधी काउंटी पाच वर्षं थांबते. मेलो-रूसच्या बाँडांमध्ये मात्र डिस्ट्रिक्टने बाँड घेणाऱ्यांना शब्द दिलेला असतो की थकबाकीदारावर लवकर कोर्टात जाऊ. ती कारवाई काही महिन्यांतच सुरू होऊ शकते. कर्जाचा हप्ता एक वेळ पुढेमागे होईल, या बिलात तसं करू नका.

फेडरल रिटर्नमध्ये वजावट मिळते का? बांधकामाच्या भागाची सर्वसाधारणपणे नाही, कारण तो स्थानिक सुविधेचा खर्च मानला जातो, ज्याने तुमच्याच मालमत्तेची किंमत वाढते. देखभालीचा किंवा व्याजाचा भाग वेगळा दाखवता आला तर तेवढ्याचा विचार होऊ शकतो. सीएफडीकडून तशी विभागणी लेखी घ्या आणि तुमच्या सीपीएला, म्हणजे कराचं काम बघणाऱ्या अकाउंटंटला द्या. राज्य आणि स्थानिक करांच्या वजावटीची मर्यादा 2025 साठी 10,000 वरून 40,000 डॉलर झाली, त्यामुळे हा प्रश्न पुन्हा महत्त्वाचा झालाय. त्या वर्षासाठी दोघांचं मिळून उत्पन्न 5 लाख डॉलरच्या वर असेल तर मात्र ती मर्यादा कमी होत जाते.

कमी करून घेता येतो का? कर नाही, पण व्यवहार येतो. बिल्डर जाहीर किंमत उतरवायला तयार नसतात, कारण पुढच्या घरांची किंमत पडते. क्लोजिंग क्रेडिट (व्यवहाराच्या खर्चात सूट) किंवा व्याजदर कमी करून देणं त्यांना सोपं असतं. तिथे 87 हजारांचा हिशेब समोर ठेवून बोला, मी लोकांना तो कागदावर छापून न्यायला सांगते. बऱ्याच सीएफडींमध्ये बांधकामाचा भाग एकरकमी फेडायची सोय असते. त्याचं सूत्र त्याच 'रेट अँड मेथड'मध्ये शेवटी असतं आणि डिस्ट्रिक्ट फी घेऊन नेमका आकडा काढून देतं. व्याजदर आणि तुमचा तिथे राहायचा बेत बघून ते फायद्याचं ठरतं की नाही ते कळेल. पाच-सात वर्षांत विकायचं मनात असेल तर मी एकरकमी फेडू नका म्हणेन, कारण पुढचा घेणारा त्याचे पूर्ण पैसे देईल याची खात्री नाही.

जुनं घर बघावं का? जरूर बघा, पण जुनं म्हणजे स्वच्छ असं समजू नका. नव्वदच्या दशकातल्या वसाहतींवरही मेलो-रूस असू शकतो, फक्त संपत आलेला. आठच वर्षं उरलेल्या अशाच कराची आजची किंमत 87 हजार नाही, साधारण 35 हजार होते, म्हणून उरलेली वर्षं विचारणं महत्त्वाचं. शिवाय आधीच्या मालकाने सोलर किंवा खिडक्या पेस नावाच्या योजनेत कर्जाने बसवल्या असतील, तर ते कर्जही टॅक्स बिलातच चढतं आणि घराबरोबर तुमच्याकडे येऊ शकतं. जुन्या घराच्या व्यवहारात नैसर्गिक धोक्यांचा एक जाडजूड रिपोर्ट मिळतो. भूकंप आणि वणव्याचे नकाशे ओलांडून मागे जा, करांचा भाग तिथे असतो.

टेक्सास आणि फ्लोरिडातल्या मंडळींसाठी इतकंच: तुमच्याकडे नावं वेगळी आहेत. टेक्सासात मड किंवा पिड, फ्लोरिडात सीडीडी. मडचा कर घराच्या किमतीवर लागतो, त्यामुळे किंमत वाढली की बिलही वाढू शकतं. पिड आणि सीडीडीत बांधकामाचा हप्ता आणि देखभाल वेगळी असते. विचारायचे प्रश्न तेच.

तुम्ही एक गोष्ट लिहिलेली नाही: बिल्डरने 'नोटीस ऑफ स्पेशल टॅक्स' तुम्हाला दिली आहे का? कमाल रक्कम, वाढीचा दर, शेवटचं वर्ष, सगळं त्या कागदावर असायला हवं. आज रात्री सगळे कागद काढून आधी ती शोधा. ती हातात दिली असेल तर त्या दिवसापासून तीन दिवस, पोस्टाने पाठवली असेल तर पोस्टात टाकल्यापासून पाच दिवस तुम्हाला लेखी कळवून करार रद्द करता येतो. मिळालीच नसेल तर उद्या सकाळी सेल्स ऑफिसला ईमेल करून मागा. फोनवर मागू नका, तारीख लेखी राहू दे. नोटिशीतले आकडे इथे टाकलेत तर वरचा हिशेब तुमच्या खऱ्या आकड्यांनी पुन्हा मांडून देते.